चार कॉर्डचं गाणं आणि भुणभुणणारी गिटार: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

नव्याने ॲकॉस्टिक गिटार शिकणाऱ्याला बॉब डिलनचं ‘नॉकिंग ऑन हेवन्स डोर’ हमखास दिलं जातं. १९७३ चं गाणं, लय संथ, आणि कॉर्ड चारच: जी, डी, ए मायनर, सी. बोटं कुठे ठेवायची हे तासाभरात पाठ होतं. तरीही कित्येकांचं ते महिना-दोन महिन्यांनंतरसुद्धा गाण्यासारखं वाजत नाही आणि गिटार कपाटावर जाऊन बसते. मी ठाण्यात नौपाड्यात शिकवतो आणि बिघडलेल्या गिटारी दुरुस्तही करतो. हीच तक्रार घेऊन माणसं येत राहतात, आणि येताना बहुतेकांनी दोष ठरवूनच ठेवलेला असतो: ‘माझी बोटं जाड आहेत’, ‘मला सुराचं अंगच नाही’. कितीतरी वेळा दोष गिटारीत असतो, आणि तो शोधायला एक पैसाही लागत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

लक्षणं

यातलं कोणतं तुमचं आहे ते आधी पक्कं करा.

– कॉर्ड धरून तारा छेडल्या की एखादी तार झणझणते, भुणभुणते.
– एखादी तार वाजतच नाही, नुसता ‘ठक्’ असा बसका आवाज येतो.
– ट्यूनरवर सहाही तारा बरोबर दिसतात, पण सी किंवा ए मायनर धरली की बेसूर लागते.
– एकट्याने वाजवताना ठीक, पण मूळ रेकॉर्डिंगबरोबर वाजवलं की काहीच जुळत नाही.
– लावलेली गिटार एका गाण्यातच उतरते.
– दहा मिनिटांत बोटांची टोकं इतकी दुखतात की गिटार खाली ठेवावी लागते.
– मे महिन्यात बरी वाजणारी गिटार जुलै-ऑगस्टमध्ये कडक झाल्यासारखी वाटते.

खाली तपासण्या फुकटातल्यापासून सुरू होतात आणि खर्चाच्या शेवटी येतात. क्रम मोडू नका. तारा बदलल्या, मग ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) कमी करून घेतली, आणि शेवटी कळलं की ट्यूनरचं सेटिंगच चुकलेलं होतं, असं होतं.

रेकॉर्डिंग आणि ट्यूनर

मूळ गाण्याबरोबर जुळत नसेल तर तुम्ही कोणतं रेकॉर्डिंग लावलंय ते बघा. डिलनचं रेकॉर्डिंग जीमध्ये आहे. पण आपल्याकडच्या मुलांच्या कानात जास्त करून गन्स अँड रोझेसचं असतं, १९९१ च्या अल्बममधलं. ते अर्धा स्वर खाली लावलेल्या गिटारींवर वाजवलंय. तुमची गिटार नेहमीसारखी लावलेली असेल तर तुम्ही सतत अर्धा स्वर वर राहणार, मग कॉर्ड कितीही चोख असोत. एक तर डिलनबरोबर वाजवा, नाहीतर सहाही तारा अर्धा अर्धा स्वर उतरवा. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, इथे कामाचा नाही, तो स्वर फक्त चढवतो.

मग ट्यूनर. फोनवरच्या ॲपमध्ये ‘ए’ चा आधार ४४० हर्ट्झ आहे ना ते बघा. कुणीतरी हात लावून ४३२ केलेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. दुसरं, ॲप नुसतं ‘जी’ दाखवतंय की ‘जी शार्प’, ते नीट वाचा. हिरवा दिवा लागला म्हणजे तार बरोबर स्वरावर आहेच असं नाही, ती जवळच्या कुठल्यातरी स्वरावर आहे एवढंच. पंखा बंद करून लावा. गोखले रोडच्या बाजूला घर असेल तर खिडकीही बंद करा, नाहीतर माइकला तुमच्या तारेपेक्षा रस्ताच जास्त ऐकू येतो. हेडला, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाला, चिमट्यासारखा लावायचा क्लिप ट्यूनर लाकडाची कंपनं वाचतो, त्याला आजूबाजूच्या गोंगाटाचा त्रास होत नाही. पहिला खर्च करायचाच असेल तर याच्यावर करा.

लावताना तार नेहमी खालून वर चढवत स्वरावर आणा. स्वर ओलांडला तर पुरती उतरवा आणि पुन्हा चढवा. वरून खाली आणलेल्या तारेत खुंटीच्या दात्यांमधली ढील शिल्लक राहते आणि दोन स्ट्रममध्ये ती उतरते.

झणझण कुठून येतेय?

प्रत्येक झणझण तारेचीच असते असं नाही. खोलीतल्या कपाटाची काच, खिडकीची जाळी, टेबलावरचा स्टीलचा पेला, यातलं काहीही एका ठराविक स्वराला थरथरतं. दुसऱ्या खोलीत जाऊन तीच कॉर्ड वाजवा. आवाज गेला तर गिटार निर्दोष आहे.

गेला नाही तर गिटारीचे सुटे भाग हाताने दाबून बघा: खुंट्यांच्या तळाशी असलेले छोटे नट, खुंट्यांच्या मागचे स्क्रू, पट्ट्याचं बटण, पिकअप असेल तर बॅटरीचं झाकण. सैल नट बोटाने घट्ट केला की झणझण थांबते. तारेचं कापलेलं टोक लांब राहून हेडला टेकत असेल तर तेही कापा. हा दोष ओळखायची खूण सोपी आहे: तो एका ठराविक फ्रेटला (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) बांधलेला नसतो.

एकेक तार वेगळी वाजवा

या तपासणीवर सगळ्यात जास्त वेळ घाला. पुढचं अर्धं निदान इथेच होतं.

कॉर्ड धरा आणि स्ट्रम न करता सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेपासून पहिल्या बारीक तारेपर्यंत एकेक तार छेडा. कोणती तार गप्प आहे, कोणती झणझणते, कागदावर लिहा. चारही कॉर्डचं लिहा.

सीमध्ये पहिली तार गप्प असेल तर तर्जनी आडवी पडलेली असते. तिने दुसरी तार पहिल्या फ्रेटला दाबायची आणि पहिलीला मोकळं सोडायचं. त्यासाठी बोटाचं शेवटचं पेर उभं राहायला हवं. ते उभं राहण्यासाठी अंगठा नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, वरून डोकावता कामा नये, मागे मधोमध हवा. डाव्या हाताची नखं वाढलेली असतील तर बोट उभं राहूच शकत नाही, म्हणून आधी नखं कापा. दाबायची जागाही महत्त्वाची: फ्रेटच्या धातूच्या पट्टीला खेटून, तिच्या मागे. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं तर दुप्पट जोर लागतो आणि तरी तार झणझणते. बोटं खूप दुखणाऱ्यांच्या हाताकडे बघावं तर बहुतेक वेळा बोट मागे राहिलेलं असतं.

डी गढूळ वाटत असेल तर डाव्या हातात दोष शोधू नका. तुमचा उजवा हात सहाव्या तारेपासून सुरू होतोय. डीमध्ये ‘ई’ स्वर नाही, म्हणून मोकळी सहावी तार वाजली की सगळी कॉर्ड मळते. चौथ्या तारेपासून सुरू करा.

कॉर्ड एकेकट्या स्वच्छ, पण गाण्यात मात्र फाटतात, असं असेल तर गाण्याची मोजणी बघा. पहिल्या आवर्तनात जीला दोन मात्रा, डीला दोन मात्रा, मग पूर्ण चार मात्रा ए मायनर. पुढच्या आवर्तनात तसंच, फक्त शेवटी सी. म्हणजे सगळी घाई जी ते डी या एकाच वळणावर आहे. त्यावर उपाय आहे. जी अशी धरा की अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला येईल. डीमध्येही अनामिका त्याच जागी लागते, तेव्हा ती उचलूच नका, बाकीची बोटं तिच्याभोवती फिरवा. ए मायनर आणि सीमध्येही तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलत नाही, फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचव्या तारेवर जाते. एवढं कळल्यावर ज्यांचं गाणं सुटलंय असे खूपजण बघितलेत. त्यांच्या गिटारीला काहीही झालेलं नव्हतं.

आता त्या कागदाकडे परत या. बोट नीट ठेवूनही झणझण उरत असेल तर ती कोणत्या फ्रेटला आहे त्यावरून दोष ओळखता येतो. ज्या तारेचा संशय आहे ती आधी मोकळी वाजवा, मग पहिल्या फ्रेटपासून वर एकेक फ्रेट दाबत जा.

फक्त मोकळी तार झणझणते आणि दाबली की स्वच्छ: नटमधली खाच खोल झालीय. हा नट म्हणजे खुंटीचा नव्हे, हेडजवळची ती पांढरी पट्टी. पहिल्या पाचेक फ्रेटला झणझण आणि वर स्वच्छ: नेक गरजेपेक्षा सरळ झालीय किंवा उलटी वाकलीय. बाराव्याच्या आसपास आणि वर झणझण: तारा खूप खाली आहेत किंवा तिथे नेकला उंचवटा आलाय. फक्त एकाच फ्रेटला झणझण: त्याच्या पुढचा फ्रेट वर उचललाय.

तंबोऱ्यात हीच झणझण आपण मुद्दाम आणतो, रुंद घोडीवर दोरा सरकवून जवारी लावतो. गिटारीची घोडी अरुंद असते कारण इथे तार एकाच बिंदूवरून सुटायला हवी. म्हणून गिटारीत जवारी ऐकू आली की तार नको तिथे कुठेतरी टेकतेय असं समजायचं.

तारा

इथून खिशात हात जातो, पण थोडाच. तारेवर बोट फिरवा. खरखरीत लागतंय, बोट काळं होतंय, फ्रेटच्या वरच्या जागी तारेखाली खाचा पडल्यात: बदला. आपली ठाण्याची, नवी मुंबईची हवा खाडीची, दमट, त्यात हाताचा घाम. रोज वाजवणाऱ्याच्या तारा दोन-तीन महिन्यांत मरतात. मेलेली तार सुरात लावता येते, पण वर दाबली की सुरात राहत नाही, कारण गंज आणि मळामुळे तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा वरून आणि खालून पुसायची सवय लावा.

बोटं दुखणाऱ्यांनी सेट घेताना जाडी विचारून घ्या. लाइट सेट ०.०१२ इंचापासून सुरू होतो, एक्स्ट्रा लाइट ०.०१० पासून. शिकणाऱ्याने खुशाल ०.०१० किंवा ०.०११ घ्यावा. आवाज थोडा बारीक होतो, पण सराव दुप्पट होतो आणि या टप्प्यावर तेच हवंय. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारीवर स्टीलच्या तारा चढवणं. तिची बांधणी त्या ताणासाठी नसते. ब्रिज, म्हणजे बॉडीवरची तारा अडकवलेली घोडी, उखडतो, कधी पुढची फळीच जाते.

नवीन तारा खुंटीवर दोन-तीन वेढ्यांत बसवा आणि हाताने हलकेच ओढून ताणून घ्या, नाहीतर दोन दिवस उतरतच राहतील. लावताना नटजवळ ‘टिंक’ असा आवाज होऊन स्वर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय. तार बाजूला करून खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. गाणं संपेपर्यंत उतरणाऱ्या गिटारी या एका पेन्सिलीने सुधारतात.

मोजायची वेळ

अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी हवी. शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळते. गिटार वाजवायच्या स्थितीत मांडीवर धरा. टेबलावर आडवी ठेवून मोजू नका, वजनाने माप बदलतं.

बाराव्या फ्रेटच्या धातूपासून तारेच्या तळापर्यंतचं अंतर म्हणजे ॲक्शन. जाड तारेला अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेला दोनच्या आसपास असेल तर उत्तम. जाड तारेला तीन म्हणजे शिकणाऱ्याला जड. साडेतीन-चार असेल तर त्या गिटारीवर सराव करून हात कमावण्याचा हट्ट धरू नका.

आता नट. तार तिसऱ्या फ्रेटला दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा: तार आणि धातू यांच्यात कागद सरकेल इतकी फट हवी. फट जास्त असेल तर तुमचं तिसरं लक्षण इथून येतंय. आपल्या चारही कॉर्ड पहिल्या तीन फ्रेटमध्ये आहेत. नट उंच असला की तिथे तार खूप खाली दाबावी लागते, ती ताणली जाते, स्वर चढतो. मोकळ्या तारा सुरात, सी मात्र बेसूर. खात्री करायची असेल तर दुसरी तार लावून घ्या, पहिल्या फ्रेटला दाबा आणि ट्यूनर बघा. अर्ध्या स्वराचे शंभर सेंट धरले तर दोन-चार सेंटची चूक कानाला कळत नाही. पंधरा-वीस सेंट चढलं असेल तर नट उंच आहे.

शेवटी नेक. जाड तार पहिल्या फ्रेटला एका हाताने आणि जिथे नेक बॉडीला मिळते तिथे, साधारण चौदाव्याला, दुसऱ्या हाताने दाबा. मध्ये, सातव्याच्या आसपास, ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट हवी, म्हणजे साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी. काहीच फट नसेल तर नेक ताठ, आणि दोन-तीन कार्डं सहज जात असतील तर नेक पुढे वाकलीय. फक्त माप लिहून ठेवा, हात लावू नका.

पावसाळा

गिटारीच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती दिवसचे दिवस ८० च्या वर असते. लाकूड पाणी पितं, पुढची फळी फुगते, तिच्यावर बसलेला ब्रिज वर येतो आणि त्याच्याबरोबर तारा. जुलैत गिटार कडक होते ती यामुळे. उलट, रात्रभर एसी चालणाऱ्या बंद खोलीत लाकूड सुकतं, फळी बसते आणि झणझण सुरू होते. घोडबंदरच्या टॉवरमधल्या गिटारींत मला हे दोन्ही दोष एकाच वर्षात दिसतात.

बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला गिटार टांगू नका. बॅगेत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून सुकवा किंवा बदला. आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर स्वस्त असतं, तेही बॅगेत टाका. उन्हात उभ्या गाडीत गिटार कधीही ठेवू नका. उष्णतेने गोंद मऊ होतो आणि तारांचा ताण तर चालूच असतो.

कळव्याहून एक बारावीतली मुलगी आली होती. “काका, सी लागतच नाही. माझी बोटं लहान आहेत ना?” मी पट्टी लावली: चार मिलिमीटर. मग खिशातली दुकानाची पावती काढून ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवली. सगळीकडे ती अडली, मधोमध मात्र नखभर आत गेली. ब्रिज सुटत होता. मी तिच्या हातात माझी गिटार दिली. तीच बोटं, तीच सी, पाचही तारा स्वच्छ वाजल्या. तिने परत एकदा वाजवून बघितली, मग परत एकदा. चार महिने ती त्या गिटारीशी झगडत होती आणि स्वतःला नालायक समजत होती. ही पावती तुम्हीही सरकवून बघा.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

पावती ब्रिजखाली गेली तर त्याच दिवशी सगळ्या तारा ढिल्या करा. लाइट सेटचा एकूण ताण सत्तर किलोच्या घरात असतो, आणि अर्धवट सुटलेला ब्रिज तो ताण सोसताना फळीचं लाकूड सोलून घेऊन निघतो. घरच्या घरी फेविक्विक ओतू नका. जुना गोंद पूर्ण काढून, योग्य गोंद आणि क्लॅम्प लावून ते काम होतं. वर फेविक्विक बसलं की दुरुस्त करणाऱ्याचं काम तिप्पट होतं.

नटच्या खाचा खोल करणं, उचललेला फ्रेट बसवणं, झिजलेले फ्रेट समतल करणं यासाठी ठराविक मापाच्या कानशी लागतात. एक घासणी जास्त झाली की नवीन नट.

ॲक्शन कमी करायला सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारांना टेकू देणारी पट्टी, खालून घासतात. बाराव्या फ्रेटला अर्धा मिलिमीटर कमी हवा असेल तर सॅडल पूर्ण एक मिलिमीटर घासावं लागतं, आणि घासलेलं परत येत नाही. पावसाळ्यात फुगलेल्या गिटारीचं सॅडल घासलं तर हवा कोरडी झाल्यावर तारा फ्रेटला टेकतील. म्हणून आधी गिटार काही आठवडे कोरड्या जागी ठेवा, पुन्हा मोजा, मग निर्णय घ्या.

नेकमधल्या ट्रस रॉडबद्दल, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईबद्दल, इंटरनेटवर बघून हात घालणारे पुष्कळ आहेत. ॲलन की चुकीच्या मापाची असली की रॉडच्या टोकाच्या नटाचे कोपरे घासले जातात. रॉड जड फिरत असताना जोर केला की तो तुटतो, आणि तुटलेला रॉड बदलण्याचा खर्च सुरुवातीच्या गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. तो एका वेळी पाव फेराच फिरवायचा असतो आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचं असतं. पहिल्यांदा कुणाला तरी करताना शेजारी बसून बघा.

जाताना तुमचा कागद सोबत न्या: कोणती तार, कोणता फ्रेट, बाराव्याचं माप, सातव्याची फट. ‘आवाज नीट येत नाही’ असं सांगितलं तर सगळाच सेटअप करून देतील. माप दाखवलं तर नेमकं काम होईल आणि खर्चही आधी विचारता येईल. गिटारीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च जवळजवळ सारखे निघाले तर दुरुस्ती करू नका, ते पैसे बऱ्या गिटारीत घाला. गिटार परत घेताना तिथेच बसा, जी, डी, ए मायनर, सी एकेक तार छेडत वाजवा, बाराव्या फ्रेटला पट्टी लावा, आणि मगच पैसे द्या.